शब्दाला जागलेले कुलूप

मराठी मध्यमवर्गीय घरातल्या काही वस्तूंना स्वतःचे नाव उरत नाही, बनवणाऱ्याचेच नाव त्यांना चिकटते. लोखंडी कपाट असे म्हणण्याचे कष्ट आपल्याकडे कोणी घेत नाही. आरशाचे गोदरेज, आजीच्या खोलीतले गोदरेज, लग्नात घेतलेले गोदरेज, अशीच त्याची ओळख. लग्नातला शालू, मुलांच्या जन्मपत्रिका, घराची कागदपत्रे, मुदत ठेवीच्या पावत्या आणि चार दागिने असा सगळा संसार त्याच्या पोटात असतो. आतल्या लॉकरची किल्ली तिसऱ्या साडीच्या घडीखाली असते आणि ती तिथे असते हे घरात सर्वांना ठाऊक असते!

ज्या नावावर आपण इतका भरवसा टाकला त्या माणसाविषयी मात्र आपल्याला फारसे ठाऊक नसते. वकिली सोडून कुलपे करायला बसलेला हा माणूस म्हणजे अर्देशिर गोदरेज. चोरी, आग आणि लबाडी या तीन शत्रूंविरुद्ध व्यापाऱ्याने आधीच कशी तयारी ठेवावी, याचा विचार त्यांनी आयुष्यभर केला. त्यांचे चरित्र उद्योगपतीचे म्हणून वाचता येते, तसेच खोटे बोलणे न जमलेल्या माणसाचे म्हणूनही वाचता येते. मला दुसरे वाचन अधिक खरे वाटते.

अर्देशिर यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईतल्या एका पारशी कुटुंबात झाला. बरजोरजी आणि दोसाबाई यांच्या सहा मुलांतले ते थोरले. कुटुंबाचे मूळ आडनाव गुथेराजी. अर्देशिर लहान असतानाच ते बदलून गोदरेज झाले. आजोबा सोराबजी आणि वडील बरजोरजी जमीन-इमारतींच्या व्यवहारात होते. घर खाऊनपिऊन सुखी होते. मुलाने कायद्याचे शिक्षण घेतले, १८९० मध्ये त्याचे बचुबाईंशी लग्न झाले आणि पुढचा रस्ता आखल्यासारखा सरळ दिसू लागला.

तो रस्ता वर्षभरातच तुटला. २५ एप्रिल १८९१ रोजी बचुबाई आणि त्यांच्या नात्यातली पिरोजबाई या दोघींचा मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून पडून मृत्यू झाला. भर शहरात, दिवसाउजेडी घडलेल्या या घटनेने मुंबई हादरली. वर त्या क्षणी नेमके काय घडले यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले, खटला उभा राहिला, आरोपी सुटला आणि गूढ तसेच राहिले. अर्देशिर तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. या दुःखाचा आणि पुढच्या कामाचा धागा जोडण्याचा मोह चरित्रकाराला होतो, पण तो आवरलेला बरा. एवढेच म्हणता येईल, की संकट दार वाजवून येत नाही हे त्यांना फार लवकर कळले होते.

१८९४ मध्ये एका खटल्याच्या कामासाठी ते झांजिबारला गेले. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचे हे बेट त्या काळी हिंदी व्यापाऱ्यांनी गजबजलेले होते. खटला चांगला चालला होता. पण आपल्या अशिलाची बाजू मांडताना एक गोष्ट खरी म्हणून सांगायची होती आणि तिच्या खरेपणाची अर्देशिरना खात्री नव्हती. त्यांनी ती सांगायला नकार दिला. अशिलाने समजावले, इतरांनीही समजावले. वकिलाने आपल्या पक्षकाराची बाजू मांडायची असते, तिची शपथ घ्यायची नसते, असा शहाणपणाचा सल्ला कोणीही दिला असता. तरुण वकील ऐकेना. शेवटी प्रकरण दुसऱ्याच्या हाती गेले आणि हे गृहस्थ मुंबईला परतले ते वकिलीला रामराम ठोकूनच.

आपल्याकडे अशा माणसाला अव्यवहारी म्हणतात. चांगली सनद हातात असताना, घर श्रीमंत असताना, हा मुलगा एका औषधविक्रेत्याकडे मदतनीस म्हणून काम करू लागला. तिथे त्याच्या लक्षात आले, की शस्त्रक्रियेची हत्यारे परदेशातून येतात आणि ती इथेच करणे काही अशक्य नाही. वडिलांचे मित्र मेरवानजी कामा यांच्याकडून त्याने ३,००० रुपये कर्जाऊ घेतले आणि चिमटे, सुऱ्या, कात्र्या बनवायला सुरुवात केली. माल उत्तम उतरला. दुकानमालकालाही पसंत पडला. अडचण एकच होती. मालावर हिंदुस्थानात तयार झाल्याचा शिक्का मारायचा अर्देशिर यांचा आग्रह होता आणि तसा शिक्का असलेला माल खपणार नाही असे मालकाचे म्हणणे होते. शिक्का नसता तर धंदा चालला असता. तो धंदा तिथेच संपला.

वकिली आणि हत्यारे हे दोन्ही उद्योग एकाच कारणाने बुडाले हे लक्षात घेण्याजोगे आहे. कोर्टात खात्री नसलेले विधान करायचे नव्हते आणि वस्तूवर तिचे खरे गाव लपवायचे नव्हते. आता अशा माणसाला साजेसा धंदा कोणता? जिथे शब्दाची परीक्षा रोज होते आणि खोटे एका रात्रीत उघडे पडते, असा एकच धंदा होता. तो कुलपांचा.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. लाखो लोक घरेदारे सोडून गावी पळाले. बंद घरे, ओस गल्ल्या आणि धास्तावलेली पेठ असे ते दिवस होते. पुढच्या वर्षी शहरातल्या वाढत्या घरफोड्यांची बातमी अर्देशिर यांच्या वाचनात आली आणि त्यांना दिशा सापडली. चांगली कुलपे विलायतेहून येत होती, इथली हाताने केली जात होती आणि त्यातली बरीचशी सराईत चोराला तारेच्या तुकड्याने उघडता येत होती. पुन्हा कामांचाच आधार घेऊन ७ मे १८९७ रोजी लालबागला गॅस कंपनीशेजारच्या एका शेडमध्ये कारखाना सुरू झाला. शेड जेमतेम २१५ चौरस फुटांची, म्हणजे आजच्या चाळीतल्या दीड खोलीएवढी. कारागीर डझनभर, काही गुजरातचे आणि काही मलबारचे.

कुलूप ही वस्तू वाटते तितकी साधी नाही. त्या काळच्या चांगल्या कुलपात पितळी किंवा लोखंडी पट्ट्या असत, त्यांना लिव्हर म्हणतात. बरोबर किल्ली फिरली की प्रत्येक पट्टी ठरलेल्या उंचीपर्यंत उचलली जाते, केसभर कमी नाही आणि केसभर जास्त नाही, तेव्हाच आतला बोल्ट सरकतो. या पट्ट्यांना खाली दाबून ठेवतात त्या बारीक स्प्रिंगा. आपल्या दमट हवेत स्प्रिंग गंजते, थकते, एखाद्या दिवशी मोडते, आणि मग मालकालाच दाराबाहेर उभे राहावे लागते. अर्देशिर यांनी स्प्रिंगेविना चालणारे लिव्हरचे कुलूप तयार केले आणि १९०९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले.

कुलपाच्या जगात बढाईला शिक्षा होते, हे इंग्रजांनी आधीच अनुभवले होते. लंडनच्या ब्रामा कंपनीने आपले कुलूप उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी इनाम देऊ, अशी पाटी दुकानाच्या खिडकीत कित्येक वर्षे लावली होती. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाचा अमेरिकन कारागीर आला. त्याने चब कंपनीचे नामांकित कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडले आणि ब्रामाचे सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपून. इंग्रज सावकार आणि बँकवाले हबकले. पण त्या धक्क्यातून कुलपे सुधारली. आपल्या कुलपात काय कच्चे आहे हे चोराच्या आधी आपण शोधायचे, हा धडा त्या धंद्याने घेतला, आणि अर्देशिर याच परंपरेत बसणारे होते.

त्यांच्या दोन कुलपांविषयी मला बँकेतल्या माणसाचे खास कुतूहल आहे. पहिल्याचे नाव डिटेक्टर. मूळ कल्पना चब बंधूंची, १८१८ सालची. या कुलपात चुकीची किल्ली किंवा तार घातली, की ते उघडत तर नाहीच, उलट अडकून बसते. नंतर मालक आपली खरी किल्ली लावायला जातो तेव्हा त्याला लगेच समजते की आपल्या मागे कोणीतरी प्रयत्न करून गेले आहे. विचार करा, चोरी झालीच नाही, तरी तिची वर्दी मिळाली. आज आपल्या खात्यात कोणी घुसण्याचा प्रयत्न केला की मोबाइलवर सूचना येते, त्यामागची कल्पना हीच आहे.

दुसऱ्याचे नाव गॉर्डियन. त्याला दोन किल्ल्या असत. रोजच्या वापरात दोन्ही सारख्याच चालत. पण दुसऱ्या किल्लीने कुलपाची आतली रचना बदलता येई आणि मग पहिली किल्ली निकामी होई. म्हणजे दुकानाची किल्ली मुनिमाकडे आहे, मुनीम नोकरी सोडून गेला, जाताना किल्ली परत दिली, पण तिचा साच्यात ठसा घेतला होता की नाही हे कोणाला माहीत? मालकाने आपली किल्ली फिरवावी, जुनी बाद करावी आणि स्वस्थ झोपावे. नोकर गेला की त्याचा पासवर्ड त्याच दिवशी बंद करा, असे आज कार्यालयातून सांगितले जाते. लालबागच्या त्या कुलपात हीच सोय लोखंडात घडवलेली होती.

बाहेरचा चोर दार फोडतो, आतला चोर दार उघडतो. ज्याने बँकेच्या शाखेत वर्षे काढली आहेत त्याला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असत, एक अधिकाऱ्याकडे आणि एक हेड कॅशियरकडे. एकाच्या किल्लीने दार उघडत नसे. जादा किल्ल्यांचा संच सीलबंद पाकिटात दुसऱ्या शाखेत जमा असे, त्याची नोंद रजिस्टरात असे आणि ठरावीक काळाने तो बदलून आणावा लागे. नव्याने लागलेल्या पोरांना हा अविश्वास वाटे. अनुभवी कॅशियर त्यांना समजावत, की बाबा रे, ही व्यवस्था प्रामाणिक माणसासाठी आहे. रोकड कमी भरली तर एकट्यावर आळ येत नाही. मोह आणि संशय या दोन्हींपासून ती आपल्याला वाचवते. कित्येक छोटे दुकानदार मात्र रोकड, वही आणि किल्ली एकाच माणसाच्या हाती देतात आणि तो घरातल्यासारखाच आहे म्हणतात. घरातल्यासारख्या माणसावर असा प्रसंग आणणे हा त्याच्यावर अन्यायच असतो.

कुलपांचा जम बसल्यावर अर्देशिर तिजोरीकडे वळले. १९०२ मध्ये त्यांची पहिली तिजोरी बाजारात आली. इथे शत्रू दोन होते, चोर आणि आग, आणि त्यांचा बंदोबस्त वेगवेगळा करावा लागतो. हे व्यापाऱ्यांना आजही पुरते उमगलेले नसते. जाड पोलादाचा चोराला अडथळा होतो, पण पोलाद उष्णता झटकन आत नेते. कागद साधारण पावणेदोनशे अंश सेल्सियसच्या सुमाराला करपू लागतो. म्हणजे चोराला न फुटलेली पेटी आगीत भट्टी बनू शकते. म्हणून अग्निरोधक तिजोरीच्या दोन भिंतींमध्ये तुरटीसारखा, पोटात पाणी धरून ठेवणारा पदार्थ भरतात. आच लागली की ते पाणी वाफ होऊन सुटते आणि आतली हवा बराच वेळ थंड राहते. चोराची पहार शिरते ती सांध्यातून. म्हणून अर्देशिर यांनी पत्रे कडेला जोडण्याऐवजी वाकवण्यावर भर दिला. त्यांच्या तिजोरीचे सोळा कोपरे वळवलेले असत, ही तिची ओळखच झाली. १९०८ मध्ये त्यांनी आपल्या तिजोऱ्या लोकांसमक्ष आगीत घालून दाखवल्या. जाहिरातीत शपथा घेण्यापेक्षा त्यांना ही पद्धत जवळची वाटली असली पाहिजे.

याच काळात, १९०६ मध्ये, त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान असलेले बंधू पिरोजशा धंद्यात आले. थोरल्याचे डोके शोधात आणि धाकट्याचा हात व्यवस्थेत, अशी जोडी जमली. कंपनीच्या नावातले बॉइस हे मेरवानजी कामांचे पुतणे. अर्देशिर कर्ज फेडायला गेले तेव्हा कामांनी पैसे घेतले नाहीत, पुतण्याला बरोबर घे म्हणून सांगितले. बॉइस फार काळ राहिले नाहीत, नाव मात्र पाटीवर राहिले. उपकाराची नोंद खोडायची नाही, हाही हिशेबाचाच भाग.

स्वदेशीचे ते दिवस होते आणि अर्देशिर स्वदेशीवालेच होते. पण त्यांचे स्वदेशीच्या पुढाऱ्यांशी एका मुद्द्यावर जमत नसे. देशी आहे म्हणून वाईट वस्तू घ्या, हे त्यांना मान्य नव्हते. कमअस्सल मालाला देशभक्तीचे वेष्टन घालून विकणे ही त्यांच्या लेखी गिऱ्हाइकाची फसवणूक होती आणि तिने देशी उद्योगाची पतच जाते असे त्यांना वाटे. भावना तापलेल्या काळात असे बोलणे सोपे नसते. मात्र देशकार्याला हात आखडता नव्हता. १९२१ च्या टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. ज्या फंडाचे साऱ्या देशासाठीचे उद्दिष्ट १ कोटी होते, त्याला एका माणसाने दिलेली ही रक्कम आहे. त्यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून अंगाचा साबणही केला. पहिल्या साबणाचे नाव होते चावी, कुलूपवाल्याला साजेलसे! रवींद्रनाथ ठाकूर आणि अ‍ॅनी बेझंट यांनी त्यांच्या साबणाची भलामण केली.

१९२३ मध्ये पोलादी कपाटे निघू लागली आणि गोदरेज हे नाव पेढीतून घराच्या माजघरात शिरले. १९२५ मध्ये कलकत्त्यात धरमतल्ला भागात मोठी आग लागली आणि तिथल्या व्यापाऱ्यांच्या गोदरेज तिजोऱ्यांतला ऐवज शाबूत निघाला. नाव देशभर झाले. एखाद्याने अशा वेळी गादीवर लोड टेकून बसावे. अर्देशिर यांनी १९२८ मध्ये सारा कारभार पिरोजशांच्या हाती सोपवला आणि ते नाशिकला शेती करायला निघून गेले. मूलबाळ नव्हते, हव्यास नव्हता. मातीत प्रयोग करण्यात त्यांची शेवटची वर्षे गेली. १९३६ च्या जानेवारीत ते वारले.

त्यांच्या कामाची सर्वांत मोठी परीक्षा त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी झाली. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन हे जहाज पेटले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, कापसाच्या गाठी होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जळत्या गाठी आकाशातून गोदामांवर आणि वस्तीवर कोसळल्या. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली, आग दिवसच्या दिवस धुमसत राहिली. मांडवीच्या आणि आसपासच्या पेढ्यांची राख झाली. या राखेतून ज्या तिजोऱ्या बाहेर काढल्या, त्यांत गोदरेजच्या तिजोऱ्यांनी आपल्या पोटातला ऐवज राखला होता.

अशा प्रसंगी अनुभवी माणूस तिजोरी लगेच उघडत नाही. आतले कागद तापलेले असतात, दार उघडताच ताजी हवा शिरते आणि वाचलेला ऐवज डोळ्यांदेखत पेट घेतो. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतरच्या आगीत तिथल्या बँकांनी म्हणूनच आपल्या तिजोऱ्या निवायला कित्येक दिवस दिले होते. संकट टळल्यावरही घाई करू नये, हा त्यातला व्यवहार. तिजोरी जमिनीला किंवा भिंतीला पक्की असावी, वहीची एक प्रत दुसऱ्या जागी असावी, जादा किल्ली त्याच टेबलाच्या खणात नसावी, या गोष्टींना पैसे लागत नाहीत, फक्त आग लागण्याच्या आधीची एक शांत दुपार लागते. ती दुपार आपण नेहमी पुढे ढकलतो.

स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली तेव्हा विक्रोळीच्या कारखान्यात पोलादी मतपेट्या तयार झाल्या, बारा लाखांहून अधिक. नव्या देशाने आपले पहिले मत जिथे विश्वासाने टाकले, त्या पेटीवर कुलूप करणाऱ्याच्या घराण्याचे नाव होते. ते पाहायला अर्देशिर नव्हते.

आज चोराला पहार लागत नाही. तो गोड आवाजात फोन करतो, बँकेतून बोलतोय म्हणतो आणि आकडे विचारतो. आपण ते सांगतो, म्हणजे किल्ली आपल्याच हाताने त्याच्या हातात ठेवतो. त्यावर कुठल्याही कारागिराकडे इलाज नाही. अर्देशिर यांनी कुलपात शक्य ते सारे केले. तारेला ते दाद देत नव्हते, जुन्या किल्लीला ओळख देत नव्हते, आपल्यावर झालेला प्रयत्न लपवत नव्हते. पण किल्ली कुठे ठेवायची हे त्यांनी मालकावर सोपवले होते आणि ते काम आजही मालकाचेच आहे. तेव्हा आज सुट्टी आहे, घरात सगळे आहेत, तर तिसऱ्या साडीच्या घडीखालची ती किल्ली तिथून हलवायला हरकत नाही.